गाडी रिकामी होऊ द्या

ता. २, सोमवार

आज रुजू झालो. मन इतकं प्रसन्न आहे की समोर आलेल्या प्रत्येक मूर्खाला मी हसून नमस्कार केला, आणि मूर्ख काही कमी नव्हते.

खाली डेपो आहे. दगडी कुंपण, एक ऑफिस, आणि दगडाच्या ट्रकांसाठी बसवलेला वजनकाटा. वर डोंगराच्या सोंडेवर पाण्याची टाकी, पंपघर आणि राहायच्या खोल्या. मधे साडेचार किलोमीटर कच्चा रस्ता. त्यात एक ओढा लागतो आणि ओढा ओलांडला की लाल चिकणमातीचा असा चढ, की साध्या गाडीने तिथे मान टाकावी. सकाळी माणसं वर न्यायची आणि दुपारी चारला खाली आणायची, एवढंच काम. बाकी वेळ मी मोकळा.

गाडी मात्र गाडी आहे. चारही चाकांना ताकद देणारी, उंच, चौकोनी. पुढे तिघांची सीट, मागे समोरासमोर दोन बाकडी. मोठ्या गिअरच्या शेजारी ती छोटी दांडी, जिच्याकडे आजवरच्या इथल्या ड्रायव्हरांनी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं फक्त पाहिलं असावं. ती ओढताना कळलं, महिनोन् महिने गंजलेली होती.

वरच्या दोन खोल्या मला मिळाल्यात. गेलं दीड वर्ष माझी बायको आणि नऊ वर्षांची आमची ठकी बायकोच्या भावाकडे राहतात, म्हणजे माझं ड्रायव्हिंग स्कूल बंद पडल्यापासून. मेहुणा त्यांना दोन वेळचं जेवण देतो आणि मला चार वेळचे टोमणे. वीस तारखेला दोघी इथे येणार. खिडकीचं माप कळवा, पडदा शिवते, असा हिचा निरोप आहे. आता एका छपराखाली राहायचं. त्यासाठी मी या अडाण्यांना हसून नमस्कार करायलाही तयार आहे.

एक गंमत लिहायची राहिली. गाडी वर पोचली की सगळे उतरतात, पुढची-मागची सगळी दारं सताड उघडी टाकतात आणि गाडीकडे पाठ करून चहा पितात. चहा संपला की फिटर बोनेटवर दोन थापा मारतो आणि मग दारं लावतात. खाली आल्यावर पुन्हा तोच तमाशा. कशासाठी, म्हणून विचारलं. फिटर म्हणाला, गाडी रिकामी होऊ द्यायची असते, मास्तर. माणसं उतरल्यावर गाडी आणखी कशी रिकामी होते, हे त्याला विचारायचा मोह मी आवरला. पहिलाच दिवस होता.

ता. ३, मंगळवार

आज यांना गाडी कशी चालवतात ते दाखवलं. अठरा वर्षांत चारशेच्या वर माणसं शिकवली मी. त्यांतली निम्मी गाढवं होती, पण इथल्यांच्या मानाने हुशार गाढवं.

आधी गाडीभोवती एक फेरी. टायर, खाली ऑइल ठिबकलंय का, चाकामागे दगड राहिलाय का. मग आत बसून हँडब्रेक, गिअर न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबून सेल. इंजिनला मिनिटभर स्वतःशी बोलू द्यायचं. ओढ्यापाशी थांबून काठीने पाणी मोजायचं. चढ सुरू व्हायच्या आधी गाडी उभी करून छोटी दांडी लो गिअरला टाकायची. चढावर पोचल्यावर नाही, आधी! पहिला गिअर, एकसारखा रेस, आणि वर पोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. उतरताना ब्रेक चोळायचा नाही, इंजिन गाडीला धरून ठेवतं. हे मी मोठ्याने सांगत चालवलं. मागे बसलेल्यांपैकी एकानेही मान हलवली नाही.

मागे बसणारे तसे चारच. पंपावरचे दोघे सख्खे भाऊ, थोरला आणि धाकटा. थोरल्याला जुना खोकला आहे. दोनदा कोरडा, मग एक लांब, दिवसभर चालू. फिटर. आणि वर स्वयंपाक करणारी मावशी, जी माझ्या गाडीत डोळे मिटून बसते.

वर पोचताच सगळे दारं उघडायला धावले. मी खाली उतरून एकेक दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सांगितलं, पंधरा मिनिटं धूळ आत घ्यायची आणि आतला दिवा जळत ठेवून बॅटरी उतरवायची हा प्रकार माझ्या गाडीत चालणार नाही. पुढे माझ्या शेजारी बसून आलेल्या डेपोच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. दिवसाला अर्ध्या तासाची बचत होते म्हटल्यावर मान डोलावली. साहेब म्हणजे वारा येईल तिकडे पाठ फिरवणारा माणूस, पण आज वारा माझा होता.  फिटर नुसता गाडीकडे बघत उभा राहिला.

ता. ५, गुरुवार

मावशीने गाडीत बसणं सोडलं. पहाटे उठून साडेचार किलोमीटर चालत वर जाते. विचारलं तर म्हणाली, पाय मोकळे होतात रे बाबा. साठीच्या बाईचे पाय म्हणे मोकळे होतात! माझा अपमान करायची ही पद्धत मी ओळखतो. मेहुणाही असाच गोड बोलून करतो.

हिला खिडकीचं माप कळवलं. सव्वातीन फूट बाय चार.

ता. ७, शनिवार

मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेत. आलो तेव्हा मागच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे माझा पंजा उभा जात होता. आज चार बोटं जातात. फिटरला बोलावून झाडलं. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, बघ खाली वाकून. तो वाकलाही नाही. पाटे शाबूत आहेत मास्तर, म्हणाला, ओझं उतरवा. गाडी रिकामी आहे, मी ओरडलो. तो हातातला पाना पुसत निघून गेला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

ता. १०, मंगळवार

लाल चढ गाडी पूर्वी लो गिअरच्या दुसऱ्यात हसत चढायची. आता पहिलाही कुरकुरतो. स्टिअरिंग हलकं लागतं, म्हणजे पुढचं तोंड उचललं जातंय, म्हणजे वजन मागे आहे. शिकाऊ पोरालाही कळेल. स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची रबरी चटई काढली. उपयोग शून्य.

शेवटी खाली डेपोत गाडी काट्यावर घेतली. दारालगत पितळी पट्टी आहे, तिच्यावर रिकाम्या गाडीचं वजन १९४० किलो. काट्याने दाखवलं २३४०. काटेवाला म्हातारा खिडकीतून मान वर न करता म्हणाला, मागे बसलेल्यांना उतरायला सांगा, मग मोजू. मी म्हटलं, चष्मा बदला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, गाडीकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

काटा बिघडलेला आहे. अशा ठिकाणी काटा सरळ असेल ही अपेक्षाच चूक.

ता. १२, गुरुवार

काट्यावर काल ५८ किलो वाढले. आज ६४. ट्रकवाल्यांची तक्रार नाही, त्यांची वजनं बरोबर येतात म्हणे.

आज फिटर आपणहून बोलला. ओढ्यात मी काठीने पाणी मोजत होतो, तेव्हा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, चढावर चालून दमलेल्याला कोणीही गाडीत घेतं. या चढावर दमलेले फार आहेत, मास्तर. त्यांना हात दाखवावा लागत नाही, ओढ्यात गाडी हळू झाली की बसतात. वर पोचल्यावर दार उघडं दिसलं तर उतरून जातात. तुम्ही दार उघडतच नाही.

मी विचारलं, बरं, मग आता उघडतो, झालं? माझ्या आवाजातली थट्टा त्याला कळली नाही. तो म्हणाला, आता सवय लागली असेल बसायची. आधीच्या ड्रायव्हरने असंच एकदा आठवडाभर आळस केला होता. मग एकदा वर पंपावरचा एक माणूस उतरला. तोच चेहरा, तेच कपडे. पण त्या दिवसापासून त्याच्या बायकोने त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. जो खरा होता तो गाडीतच राहिला, असं ती म्हणायची.

अडाण्यांच्या गोष्टी. तरी ऐकताना काठी हातातून निसटली आणि वाहून गेली.

ता. १४, शनिवार

काल २१ वाढले. एकवीस. एवढ्या वजनाचं काय असतं? ठकी तिसरीत होती तेव्हा शाळेत वजन झालं होतं तिचं. बावीस.

आज सगळे जेवायला बसल्यावर मी टाकीमागे गाडी नेली आणि चारही दारं आणि मागचं मोठं दार उघडलं. कोणी पाहिलं असतं तर मी काच पुसायला आलो आहे असं सांगणार होतो, फडकं हातात होतं. पाठ करून उभा राहिलो. स्वतःची लाज वाटली. चहाचा कपही आणला होता मी, गाढवासारखा.

वारा नव्हता.

मागचं दार लागलं. मग डावं. मग उजवं. सावकाश, थंडी लागल्यावर माणूस आतून ओढून घेतो तसं. पुढची दोन उघडीच राहिली. तिथे कोणी बसत नसावं.

खाली काट्यावर एक किलोचाही फरक नाही.

हिला फोन करून सांगायचं ठरवलं, महिनाभर येऊ नका. ऑफिसातून लावला. मेहुण्याने उचलला. काय भावोजी, नोकरी टिकली का अजून, म्हणाला. मागे कोणीतरी हसलं. मी सांगितलं, खोल्या तयार आहेत, वीसला पाठवून दे. फोन ठेवल्यावर कळलं की मी काय बोललो.

ता. १६, सोमवार

थोरला आज वर उतरला आणि डबा गाडीतच विसरला. हाक मारली, वळला नाही. पंपघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. कुठल्या दाराने आत जायचं हे माहीत नसल्यासारखा. धाकट्याने त्याला आत नेलं आणि लगेच बाहेर आला. बाहेरच बसून राहिला.

साहेबांना दगडाच्या कंत्राटदाराला भेटायचं होतं, ते पायवाटेने आधीच गेले होते. मी एकटाच गाडी खाली घेऊन निघालो. लाल उतारावर पहिला गिअर, पाय ब्रेकच्या बाजूला.

मागून खोकला आला. दोनदा कोरडा, मग एक लांब.

मी आरशात पाहिलं नाही. गाडी चालवताना नजर रस्त्यावर असावी.

ता. १७, मंगळवार

थोरला खोकत नाही आता. बरा झाला म्हणे. साहेबांना आनंद.

धाकट्याने थोरल्याबरोबरची खोली बदलून मागितली. रडत होता. मी त्याला म्हटलं, पुरुषासारखा पुरुष आणि— 

आज दिवसभर खोकला तो. मागे. माझ्या मानेशी.

फिटरकडे गेलो. त्याच्या पाया पडायला लागलं तरी चालेल असं ठरवून गेलो आणि गेल्यावर विचारलं काय, तर ब्रेकचं ऑइल कधी बदललं. हे माझं तोंड!

ता. १९, गुरुवार

ठरलं. उद्या दोघींना चालत वर आणायचं. साडेचार किलोमीटर काही फार नाही. मावशी जाते. ट्रंक नंतर बैलगाडीने येईल. ठकी कुरकुरेल, तिला पाठीवर घेईन. गाडीच्या जवळसुद्धा जायचं नाही.

फिटरला सांगितलं. पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून हसला. शहाणे झालात मास्तर, म्हणाला.

राग आला मला त्याचा.

ता. २०, शुक्रवार. सकाळ

बस वेळेवर आली. ही बारीक झाली आहे. ठकी उंच झाली. बरोबर मेहुणा. त्याला पोचवायला यायचं काय कारण होतं?

चालत जाऊ म्हणालो. हवा छान आहे म्हणालो. मेहुण्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, का भावोजी, चढवत नाही का तुमच्याच्याने? अठरा वर्षं शिकवलंत म्हणे लोकांना. ही खाली बघत होती. ठकी म्हणाली, मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय बाबा, की मी मोठ्या चाकांच्या गाडीतून जाणार.

फिटर मान हलवत होता. नको, नको.

पुढे बसवलं दोघींना. माझ्या शेजारी. पुढे त्यांतलं कोणी बसत नाही. मागे आहे ते मागे राहील. दोघींना माझ्या नजरेसमोर ठेवलं की झालं. फिटरही येतो म्हणाला, बाहेर पायरीवर उभा राहून.

मेहुणा परतीच्या बससाठी डेपोतच थांबला. सेल मारला.

ता. २०. दुपार असेल

चढावर मधोमध गाडी बंद पडली. लो गिअर, पहिला, सगळं बरोबर होतं. माझी काही चूक नाही. वजन.

हँडब्रेक धरत नाही. पायाचा ब्रेक धरतो, पाय दाबून ठेवला तरच. फिटरने मागच्या चाकांना दगड लावले, ते चिखलात रुतत चाललेत. इंजिन घेत नाही. फिटरने पुढचं दार उघडून दोघींना उतरवलं, चालत वर जा म्हणाला, आणि स्वतः पुढे पळाला. वरून साखळी आणि ट्रॅक्टर आणतो. अर्धा तास. पाय काढू नका मास्तर.

नाही काढणार. हे मला कोणी शिकवायला नको.

हात मोकळे आहेत. वही डॅशबोर्डवर होती. लिहीत राहिलो तर मागचं ऐकू येणार नाही.

दोघी वर चालल्यात. हात धरून. बरं झालं, सुटल्या. आता जे व्हायचं ते माझं होऊ दे.

वळून बघितलं नाही दोघींनी. राग असेल. हिने पिशवीही नेली नाही, ती इथेच, सीटवर. पडदा आहे तीत.

ठकी डेपोपासून बडबडत होती. ओढ्यानंतर गप्प झाली. घाबरली असेल. पाण्याला घाबरत नाही ती. ओढ्यात मी खाली उतरलो होतो, पाणी बघायला. मिनिटभर. मिनिटभरच.

दोन माणसं उतरली की गाडी वर येते. बोटभर तरी येतेच. बाजूच्या आरशात मागचं चाक दिसतं. आली नाही. एक केसही नाही.

वर दोघी टाकीच्या वळणावर पोचल्या. एकसारखी पावलं टाकतात. ठकीचं पाऊल हिच्याएवढंच—

नाही.

खोकला. दोनदा, एक लांब. तो नेहमीचाच.

त्याच्या शेजारून कोणीतरी बारीक आवाजात रडतंय.

बाबा म्हणाली.

बाबा, इथे खूप माणसं आहेत. दार उघडत नाही. आई म्हणते बाबांना सांग.

येतो ठकी. पाय काढला तर गाडी सगळ्यांसकट खाली ओढ्यात— नाही काढला तर ट्रॅक्टर येईल, वर नेतील, वरती त्या दोघी दारात उभ्या असतील, खोल्यांच्या, माझ्या—

हिचा आवाज. अहो. इतक्या शांतपणे. अहो, पाय काढू नका, आम्ही बसतो इथेच, पण वर गेल्यावर त्या दोघींना घरात घेऊ न—